पाच लेन्स आहेत, परदेशवारीला कोणत्या न्यायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा आणि पाच लेन्स – २४-१०५ एफ/४, १६-३५ एफ/४, ७०-२०० एफ/२.८, ५० एफ/१.८ आणि १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून काढायची). घरच्यांबरोबर दोन आठवड्यांचा परदेश दौरा. बहुतेक दिवस जुन्या शहरांत, तीनेक दिवस डोंगरात. सगळ्या लेन्स न्याव्यात का? नसतील न्यायच्या, तर कोणत्या मागे ठेवाव्यात? (नवख्यांसाठी: पहिला आकडा म्हणजे मिलीमीटरमधली फोकल लेंग्थ. ती लहान असेल तर रुंद दृश्य मावतं, मोठी असेल तर लांबचं जवळ येतं. दोन आकडे असतील तर ती झूम. ‘एफ’पुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त ‘उघडी’, म्हणजे तितका जास्त उजेड आत.)

उत्तर आधीच देऊन टाकतो: २४-१०५ आणि ५० न्या, बाकीच्या तीन कपाटात राहू द्या. डोंगरासाठी ७०-२०० ची रुखरुख लागणार हे मला माहीत आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी वजन काट्यावर टाकू. २४-१०५ एफ/४ साधारण ७०० ग्रॅम. १६-३५ एफ/४ सहाशेच्या आसपास. ७०-२०० एफ/२.८ कंपनी आणि आवृत्तीप्रमाणे एक ते दीड किलो. मॅक्रो सहाशे-सातशे ग्रॅम. ५० एफ/१.८ ही त्यातली गुणी पोर, कॅननची तर १६० ग्रॅममध्ये येते. म्हणजे लेन्सच सव्वातीन-साडेतीन किलो. बॉडी पाऊण किलो, बरी पॅडिंगवाली बॅग रिकामीच दीड किलो. साडेपाच किलो इथेच झाले. चार्जर, बॅटऱ्या, लॅपटॉप, औषधं, मुलांचं जॅकेट अजून बाहेरच आहे. अनेक विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ७ किलो असते. आणि लेन्स चेक-इन सामानात टाकायच्या नाहीत, यावर माझ्याकडे चर्चा नाही. सामान आपटलं जातं, हरवतं, आणि चेक-इन केलेल्या कॅमेऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी बहुतेक कंपन्या अटी-शर्तींतच झटकून टाकतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर नियमानेच केबिनमध्ये न्याव्या लागतात. (१०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १५-२० च्या घरात असतात, तेव्हा ती काळजी नको.)

पण वजनापेक्षा मोठी अडचण लेन्स बदलण्याची आहे. एकट्याने फोटोसाठी फिरणं वेगळं आणि घरच्यांबरोबर फिरणं वेगळं. तुम्ही बॅग खाली ठेवणार, चेन उघडणार, मागचं झाकण काढणार, लेन्स अदलाबदल करणार, तोवर मंडळी पुढच्या चौकात पोचलेली असतात. पहिल्या दिवशी कौतुकाने थांबतात, तिसऱ्या दिवशी थांबत नाहीत. मग होतं काय, की पाच लेन्स पाठीवर आणि कॅमेऱ्याला दिवसभर एकच. तेव्हा ‘कुठली लेन्स कधी लागेल’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही, कारण लागू सगळ्याच शकतात. विचारायचं हे: दिवसभर कॅमेऱ्यावर कुठली राहील, आणि तिला जे अजिबात जमत नाही ते करायला दुसरी कुठली हवी?

पहिलीचं उत्तर सोपं आहे. २४-१०५. एफ/४ आहे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. दिवसाउजेडी, रस्त्यावर, चौकात, डोंगरात तुम्ही तसंही एफ/५.६ ते एफ/८ वरच असता.

तिच्यात किती मावतं याचा अंदाज घ्यायचा एक साधा हिशोब आहे. चौकटीत मावणारी रुंदी म्हणजे समोरच्या वस्तूपर्यंतचं अंतर गुणिले ३६ भागिले फोकल लेंग्थ. ३६ ही फुल फ्रेम सेन्सरची मिलीमीटरमधली रुंदी. इमारतीपासून २० मीटरवर उभे असाल तर २४ मिमीला ३० मीटर रुंदी मावते, १६ मिमीला ४५ मीटर. शंभर मीटरवरचं काही टिपायचं असेल तर १०५ मिमीला ३४ मीटरचा पट्टा येतो, २०० ला १८ मीटरचा. हा हिशोब घरी बसून, जिथे जायचं आहे त्या चौकांचे नकाशे उघडून करता येतो. निम्म्या शंका तिथेच फिटतात.

आता दुसरी लेन्स. इथे बहुतेक जण चुकीच्या दिशेने विचार करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली १०५ ला संपते म्हणून दुसरी लांबची घेतात, नाहीतर पहिली २४ ला सुरू होते म्हणून दुसरी रुंद घेतात. पण जुन्या शहरांच्या दौऱ्यात एफ/४ झूम अडते ती टप्प्यासाठी नव्हे, उजेडासाठी अडते. चर्च, तळघरातलं संग्रहालय, संध्याकाळनंतरच्या गल्ल्या, रात्रीच्या जेवणाचं टेबल, रेल्वेच्या डब्यात झोपलेलं पोर. ट्रायपॉड आणि फ्लॅश बहुतेक ठिकाणी चालतच नाहीत. पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये दोन्हींना बंदी आहे. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये तर फोटोच काढू देत नाहीत, तिथे कुठलीच लेन्स नको; मान वर करून बघा.

एक प्रसंग आकड्यांत घेऊ. एखादं अंधारलेलं चर्च, खिडकीतून येणारा तेवढाच उजेड, बाकावर तुमची मुलगी बसली आहे. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ठेवलं, एफ/४ वर कॅमेऱ्यातलं मीटर १/१५ सेकंद शटर दाखवतं. स्टॅबिलायझेशन आहे म्हणून हात हलल्याचं दिसणार नाही, खांब आणि कमानी खणखणीत येतील. पण मुलगी मान वळवणार, आणि १/१५ ला चेहरा पुसट होणार. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची हालचाल नाही. तिथेच ५० लावून एफ/१.८ केलं की जवळपास पाचपट उजेड आत येतो, आणि त्याच आयएसओवर शटर १/८० च्या आसपास जातं. बसलेल्या माणसाला एवढं पुरतं. हेच एफ/४ वर साधायचं तर आयएसओ १६००० करावं लागेल. हल्लीच्या सेन्सरवर तेही चालवून घेता येतं, नॉईज (फोटोतले दाणे) कमी करणारी सॉफ्टवेअरही आता चांगली आहेत. पण त्वचेचा रंग आणि सावल्यांतला तपशील यांत फरक दिसतोच. १६० ग्रॅमच्या बदल्यात पाचपट उजेड, असा सौदा बॅगेतली दुसरी कुठलीही वस्तू देत नाही.

‘५० घ्यायची की ३५?’ हे आता कुणीतरी विचारणारच. प्रवासासाठी मला ३५ जास्त आवडते. टेबलाच्या पलीकडे दीड मीटरवर बसलेली मंडळी ३५ मध्ये दीड मीटर रुंदीत मावतात. ५० मध्ये एक मीटरच्या थोडं वर, म्हणजे दोन माणसं खांद्याला खांदा लावून. पण तुमच्याकडे ५० आहे, ३५ नाही, आणि एवढ्यासाठी नवी घेऊ नका. फ्रेंच छायाचित्रकार हान्री कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यातलं बहुतेक काम ५० मिमीवर केलं. त्यालाही गल्ल्या अरुंदच मिळाल्या होत्या. मागे सरकायला जागा नसेल तिथे सगळ्यांना एका चौकटीत कोंबायचा हट्ट सोडा आणि एकाच माणसाचा फोटो घ्या. बहुतेक वेळा तोच जास्त बरा निघतो.

१६-३५ मागे ठेवा म्हटल्यावर वाईट वाटतं, कारण जुनं शहर म्हटलं की अरुंद गल्ली आणि उंच मनोरा हे चित्र डोळ्यांसमोर येतं. यावर दोन तोडगे आहेत. पहिला खिशातच आहे. आजकालच्या बऱ्याच फोनांचा अल्ट्रावाइड (अतिरुंद दृश्य टिपणारा) कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशोबात १३-१४ मिमीच्या जवळ जातो. भर उन्हात, स्क्रीनवर पाहायला किंवा छोट्या प्रिंटला तो पुरतो. रात्री पुरत नाही, हेही खरं.

दुसरा तोडगा मला जास्त आवडतो. कॅमेरा २४ मिमीवर उभा धरा. उभ्या चौकटीत २४ मिमीला उंचीत ७४ अंश दिसतात, आणि आडव्या १६ मिमीलाही उंचीत तेवढेच, अगदी तंतोतंत. उरली रुंदी. डावीकडून उजवीकडे वळत, अर्ध्यावर अर्धी फ्रेम चढवत तीन फोटो घेतले की १०० अंशांच्या वर रुंदी जमते. १६ मिमीची रुंदी ९७ अंश आहे. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल करा, फोकसही तिथेच अडकवून ठेवा, नाहीतर जोडताना आकाशाचे तीन पट्टे वेगवेगळ्या रंगांचे येतात. नंतर सॉफ्टवेअर जोडून देतं, आणि फाइल १६ मिमीच्या एका फोटोपेक्षा मोठी मिळते. गर्दी हलत असेल किंवा अगदी जवळ खांब असेल तर जोड फसतो. तेवढे फोटो फोनवर घ्या किंवा सोडून द्या.

अल्ट्रावाइडबद्दल आणखी एक. घरच्यांचे फोटो काढणार असाल तर १६ मिमीच्या कडेला कुणालाही उभं करू नका. डोकं ताणलं जातं, दंड फुगतो, आणि फोटो बघून होणारं भांडण परतीच्या विमानात संपत नाही.

आता ७०-२०० एफ/२.८. ही लेन्स मला स्वतःला फार प्रिय आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. लोकांना वाटतं डोंगरात वाइड लागते. उलट आहे. वाइडमध्ये समोरचं शिखर टेकडीएवढं होतं आणि निम्मी चौकट रिकाम्या आकाशाने भरते. एकामागे एक गेलेल्या डोंगररांगा, कड्यावरचं एकटं घर, ढगातून वर आलेलं टोक, ही सगळी १०० ते २०० मिमीची कामं आहेत. तेव्हा डोंगरासाठी टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स) हवी ही तुमची भावना बरोबरच आहे. फक्त त्यासाठी एफ/२.८ लागत नाही. रांगा एफ/८ वर काढायच्या आणि एफ/२.८ चं वजन तीन दिवस चढावर वाहायचं, यात मला अर्थ दिसत नाही. शिवाय दोन आठवड्यांतल्या तीन दिवसांसाठी ती उरलेले सगळे दिवसही तुमच्या खांद्यावरच असणार.

१०५ वर काढून कापणं हा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो दीडपट कापला, म्हणजे १०५ चे जवळपास १५७ केले, तर साडेदहा मेगापिक्सेलच्या थोडं वर उरतात. ए४ आकाराची ३०० डीपीआय प्रिंट काढायला पावणेनऊ लागतात. म्हणजे भिंतीवर मोठी फ्रेम लावायची नसेल तर इथे काहीच बिघडत नाही. ४५ मेगापिक्सेलची बॉडी असेल तर २० उरतात, मग बोलायलाच नको. कापायचं हे आधीच ठरवून काढा: शटर जरा जास्त ठेवा, फोकस नीट बघा, कारण कापल्यावर हाताचा कंपही दीडपट मोठा दिसतो.

तरीही टेलीशिवाय जीव राहत नसेल, तर मित्राकडून ७०-२०० एफ/४ किंवा ७०-३०० मागून घ्या. या वर्गातल्या बऱ्याच लेन्स एफ/२.८ पेक्षा स्पष्टपणे हलक्या असतात. आणि ती डोंगराच्याच दिवशी बाहेर काढा, शहरात खोलीवरच राहू द्या. शहरात लांब, विशेषतः पांढरी लेन्स लोकांच्या नजरेत भरते, चोरांच्याही. बऱ्याच स्टेडियममध्ये आणि मैफिलीच्या सभागृहांत लांब लेन्स लावलेला कॅमेरा दारातच अडवतात. (आणि चंद्रासाठी म्हणून २०० नेत असाल तर थांबा. २०० मिमीवर सेन्सरवर चंद्र जेमतेम २ मिमीचा पडतो.)

दौरा वेगळा असता तर उत्तरही वेगळं असतं. सफारी असेल तर वरचा हिशोब परत करा: १०० मीटरवर २०० मिमीला १८ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, त्यात दीड मीटरचं हरीण म्हणजे चौकटीचा बारावा भाग. ६०० मिमीला तोच पट्टा ६ मीटरचा होतो आणि हरीण चौथा भाग व्यापतं. तिथे १००-४०० किंवा १५०-६०० हीच मुख्य लेन्स, आणि जमलं तर दुसरी बॉडी, कारण उघड्या जीपच्या धुळीत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर माती ओतणं. ध्रुवीय प्रकाश बघायला जाणाऱ्यांनी याच्या नेमकं उलट करायचं: १४ ते २४ मिमीच्या मध्ये कुठेतरी, एफ/२.८ किंवा त्याहून उघडी लेन्स, आणि ट्रायपॉड. तुमची १६-३५ एफ/४ तिथे अर्ध्याच उजेडावर काम करेल. चालेल, पण प्रकाशाचे पडदे वेगाने हलत असताना शटर दुप्पट वेळ उघडं ठेवलं की त्यांच्या कडा पुसल्या जातात.

मॅक्रोबद्दल एका ओळीत: फुलांच्या किंवा किड्यांच्या मागे जाणार नसाल तर नको. तुमच्या २४-१०५ मध्येही जवळ जाऊन साधारण १२ ते १५ सेंटिमीटर रुंदीची वस्तू चौकट भरते. ताट, नाणी, कोरीव दाराची कडी एवढ्यात निघते.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) बॉडी आहे त्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. त्यांच्या फोकल लेंग्थला दीडने गुणा, कॅनन असेल तर १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्स असेल तर दोनने. ‘पुढे फुल फ्रेम घेणारच आहे’ म्हणून आधीच घेतलेली २४-१०५ क्रॉपवर ३६-१५७ सारखी वागते. तिच्यात वाइड उरतच नाही, आणि प्रवासात ते फार जाणवतं. क्रॉपवाल्यांनी १६ किंवा १८ पासून सुरू होणारी झूम घ्यावी, सोबत एखादी २३-२४ किंवा ३५ ची उघडी प्राइम (झूम नसलेली लेन्स). १८-२०० किंवा १८-३०० सारखी सुपरझूम? लोक उगाच हिणवतात. लांबच्या टोकाला एफ/६.३ होते, कडा मऊ येतात, हे खरं आहे. पण ज्याला लेन्स बदलायचीच नाही त्याने ती लावावी, एक उघडी प्राइम खिशात टाकावी आणि सुखाने फिरावं. हीच ती दोन लेन्सची जोडी, फक्त पहिलीचं नाव बदललं.

माझ्या मताला मत म्हणूनच घ्या. पुरावा तुमच्या हार्ड डिस्कवर आहे. मागच्या एक-दोन सहलींचे फोटो लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि मेटाडेटा फिल्टरमध्ये फोकल लेंग्थचा रकाना लावा. सगळे फोटो बघू नका, फक्त तुम्ही निवडलेले, कुणाला तरी पाठवलेले किंवा छापलेले. बऱ्याच जणांचे बहुतेक फोटो २४ ते ७० मध्ये सापडतात आणि टोकांना थोडेच. तुमचे निवडक फोटो खरोखरच १६ ते २० मध्ये दाटलेले निघाले, तर माझं ऐकू नका: १६-३५ आणि ५० न्या, आणि २४-१०५ ठेवा घरी. तीही चांगली जोडी आहे. फक्त तिन्ही नेऊ नका.

बॅगेतल्या बारीकसारीक गोष्टी. दोन्ही लेन्सचे हूड न्या. ऊन अडवतातच, शिवाय धक्का पहिला तेच खातात. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, आकाश गडद करणारा फिल्टर) एकच, मोठ्या व्यासाचा, आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग. २४ मिमीवर निळ्या आकाशासमोर पोलरायझर पूर्ण फिरवू नका, आकाशाचा एक भाग गडद आणि बाकीचा फिका असा डाग पडतो. सेन्सरसाठी रबरी ब्लोअर पुरे. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा वाईट. लेन्स बदलताना वाऱ्याकडे पाठ आणि बॉडीचं तोंड खाली.

डोंगरातल्या थंडीतून गरम खोलीत येताना कॅमेरा बाहेरच झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून बंद करा आणि आत आल्यावर तास-दीड तास उघडू नका. दव पिशवीवर जमतं, काचेवर नाही. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते. दमट हवेच्या ठिकाणी जाणार असाल तर बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि परत आल्यावर लेन्स त्याच ओल्या बॅगेत महिनाभर पडू देऊ नका. बुरशी तशीच धरते.

सगळ्या लेन्स आणि बॉडीचे सिरियल नंबर लिहून, बिलांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. चोरीची तक्रार, विम्याचा दावा आणि परत येताना कस्टमवाल्याचा ‘हे तिकडे घेतलं का?’ हा प्रश्न, तिन्हीला तोच कागद लागतो.

निघायच्या आधी एखादा अख्खा दिवस फक्त २४-१०५ आणि ५० घेऊन बाहेर पडा, घरच्यांना घेऊनच. ५० कधी लावायची, ती कुठल्या खिशात बसते, एका हाताने मागचं झाकण फिरवता येतं का, हे त्या दिवशी कळेल. ती बॅगेच्या तळाशी गेली तर दौऱ्यात बाहेर निघणार नाही. जॅकेटच्या नाहीतर कंबरेच्या पाऊचच्या खिशात, झाकण अर्धं सैल करून ठेवलेली असेल तर चर्चच्या दारातच बदलून होते आणि मंडळींना थांबावंही लागत नाही.